गोदाकाठच्या डायनासोरचं वशिंड

माझं पोट डायनासोरवर चालतं, हे वाक्य जालन्यात कुणाला सांगायची सोय नाही. बँकेत फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात मी 'संगणक' लिहिते. समोरचा साहेब 'डीटीपी का?' म्हणतो, मी हो म्हणते आणि विषय मिटतो. शेजारणींना वाटतं मी कार्टून काढते. वडीगोद्रीच्या माझ्या सासरच्या भावकीला वाटतं की मी घरात बसून गेम खेळते आणि कुणीतरी येडा त्याचा मला पगार देतो. ही शेवटची समजूत खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ आहे, म्हणून तिचा मला जास्त राग येतो.

या धंद्यात पडण्याआधी मी नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत पाकिटं तयार करायचे. आमच्याकडे कपाशीच्या बोंडाचा एक फार देखणा फोटो होता. दरवर्षी मृगाच्या आधी साहेब यायचे आणि सांगायचे, नवीन वाण आलंय, नवीन पाकीट पाहिजे. मग मी तेच बोंड थोडं फुगवायचे, मागचं निळं आभाळ भगवं करायचे आणि कोपऱ्यात एक वाघ बसवायचे. पुढच्या वर्षी वाघाच्या जागी पैलवान. पाकिटाच्या आत काय वेगळं असायचं ते विचारणं माझं काम नव्हतं आणि मी ते कधी विचारलंही नाही. सात वर्षं मी एका बोंडावर काढली.

मग घरून करायचं काम मिळालं. हैदराबादचा एक स्टुडिओ परदेशातल्या एका गेमसाठी प्राणी बनवून देतो. खेळ साधा आहे. खेळणाऱ्याला एक बेट मिळतं. त्यावर त्यानं डायनासोर पकडायचे, माणसाळवायचे, चारायचे, त्यांचं शेण काढायचं आणि त्यांच्यावर बसून हिंडायचं. थोडक्यात, वडीगोद्रीत लोकांनी जे काम कंटाळून सोडलं, ते तिकडं लोक पैसे भरून करतात.

माझ्या वाट्याला सॉरोपॉड आले. नाव अवघड असलं तरी प्राणी सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लहान पोरांच्या दप्तरावर असतो तो. लांब मान, लांब शेपटी, खांबासारखे चार पाय आणि अंगाच्या मानानं डोकं एवढंसं. आमचा टीम लीड माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्या दसपट थकलेला. पहिल्याच बैठकीत त्यानं सांगितलं की नव्या हंगामासाठी नऊ सॉरोपॉड हवेत, नऊही वेगळ्या जातींचे, आणि सांगाडा मात्र सगळ्यांना एकच वापरायचा. मान थोडी ओढली की एक जात झाली, शेपटी आखूड केली की दुसरी. बाकी सगळं रंगावर भागवायचं. ते ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

पण या वेळी माझ्याकडून एक चूक झाली. मी वाचायला लागले. बियाण्यांच्या पाकिटात हा धोका नव्हता. डायनासोरबद्दल मात्र लोकांनी फार लिहून ठेवलंय. डिप्लोडोकसचे पुढचे पाय आखूड, म्हणून कंबर उंच, आणि शेपटी निमुळती होत होत चाबकाच्या वादीएवढी. दात पेन्सिलीसारखे आणि तेही फक्त तोंडाच्या पुढच्या कडेला. ब्रॅकिओसॉरसचं सगळं उलटं, पुढचे पाय लांब, पाठ मागं उतरती, शेपटी बेताची. कॅमारासॉरसचं तोंड आखूड आणि दात जाड, चमच्यासारखे. अपॅटोसॉरसची मान इतकी दांडगी की ती मान आहे का दुसरं धड, असा प्रश्न पडावा. टायटॅनोसॉरांपैकी पुष्कळांना पुढच्या पायाला बोटंच नव्हती, नुसत्या उभ्या हाडांवर ते चालायचे. आणि या सगळ्यांना आमच्या स्टुडिओनं हत्तीचे पाय लावले होते, पुढून पाच-पाच नखांचे. खऱ्या सॉरोपॉडच्या पुढच्या पायाला नखी असलीच तर एकच असते, अंगठ्याची.

मी हे सगळं नीट लिहून पाठवलं. लीडनं उत्तर म्हणून अंगठ्याचंच चित्र पाठवलं, वर केलेल्या, आणि काहीही बदललं नाही.

त्याच वर्षी माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. सासूबाई गेल्या, वडीगोद्रीचं घर मोठं वाटायला लागलं, आणि माझा नवरा, जो इथल्या लोखंडाच्या कारखान्यात पाळ्या करतो, त्यांना कपड्यांच्या दोन पिशव्यांसकट घेऊन आला.

मामा पारखी होते. अंबड तालुक्यात कुणाला बैलजोडी घ्यायची असली की माणूस मोटारसायकल घेऊन त्यांच्या दारात हजर. बाजारात मामा जनावराभोवती एक फेरी मारायचे, दात बघायचे, खुराला हात लावायचे आणि मग मालकाला जनावर चालवायला सांगायचे. पसंत पडलं तर खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळायचे, नाही पडलं तर झटकून परत खांद्यावर टाकायचे. तोंडानं काही बोलायचं नाही, कारण व्यापारी ऐकतो. आणि पारख्यासोबत आलेल्यांनी तर मुळीच बोलायचं नाही, कारण तो पारख्याचा अपमान. जनावरासमोर पारख्याला कुणी उलट बोलत नाही, ही बाजाराची रीत. चाळीस वर्षं मामांनी या रीतीवर काढली.

शेवटची जोडी त्यांनी आपल्या साडूसाठी पसंत केली. पंचा डोक्याला गुंडाळला, जोडी घरी आली, आणि औताला जुंपल्यावर दुसऱ्याच तासाला डावा बैल वळणावर लंगडायला लागला. 'म्हाताऱ्याची नजर गेली' हे वाक्य रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर निघालं आणि मामांच्या आधी त्यांच्या घरी पोचलं. त्यानंतर दारात कुणी मोटारसायकल लावली नाही. खरं म्हणजे तोवर लावायची गरजच उरली नव्हती, सगळ्यांकडे ट्रॅक्टर झाले होते. पण ते कारण मामांना पटत नव्हतं. आपली नजरच गेली, असं त्यांनी मनाशी धरलं.

आमच्याकडे आले तेव्हा ते भाजीसुद्धा निवडेनात. वांगी आणली की पिशवी माझ्यापुढं ठेवायचे आणि म्हणायचे, किडकी असली तर बघ बाई, मला काही समजत न्हाई आता. मला ते ऐकवत नसे. ज्या माणसानं उभ्या तालुक्याची जनावरं पारखली त्याला वांग्याची धास्ती वाटावी, याचा मला संताप यायचा, आणि संताप कुणावर काढावा ते कळायचं नाही. नवरा म्हणायचा, वय झालं की असंच होतं. हे वाक्य बोलून माणसं जेवायला बसतात.

एका सकाळी मी डिप्लोडोकसला चालवत होते. संगणकात चालवणं म्हणजे तीच चार-सहा पावलं पुन्हा पुन्हा. मामा दिवाणावर चहा पीत होते. कपबशी ठेवायला उठले आणि माझ्या पाठीमागं थबकले.

"हे जनावर मागचा उजवा पाय चोरून राह्यलं," ते म्हणाले.

मी सांगितलं की मामा, हे खोटं जनावर आहे, याला दुखत नाही. ते म्हणाले, खोटं असंल, पण चोरतंय. आणि लगेच, मला काय समजतंय म्हणा, असं पुटपुटत अंगणात निघून गेले.

मी सांधे मोजले. उजव्या खुब्याचा सांधा डाव्यापेक्षा किंचित मागं बसवलेला होता. नुसत्या डोळ्यांना दिसू नये इतका. आणि सांगाडा एकच असल्यानं नऊच्या नऊ जाती एकाच पायानं लंगड्या होत्या. तो सांगाडा कितीतरी जणांनी तपासून, सह्या करून पास केलेला होता. मी बाहेर जाऊन मामांना सांगितलं की तुमचं बरोबर निघालं. थोड्या वेळानं भाजीवाला आला, तेव्हा त्यांनी मेथीच्या दोन जुड्या परत केल्या. मी खिडकीतून बघत होते आणि मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी लीडला स्वतःहून फोन केला.

लीडला खुब्याचं पटलं, पण त्याला आधार हवा होता. कागदावर काय दाखवायचं, कुठल्या तज्ज्ञानं सांगितलं? मी लिहून दिलं: चालीचे पारखी, अनुभव चाळीस वर्षं. लीडनं त्याचं इंग्रजी केलं आणि पुढच्या बैठकीत मामा आमचे 'लोकोमोशन कन्सल्टंट' झाले होते. त्यांना बैठकीलाच बोलावलं. मामा धुतलेली टोपी घालून कॅमेऱ्यासमोर बसले. मला वाटलं होतं मध्ये मला दुभाषी व्हावं लागेल. पण मामांची हिंदी ही निजामाच्या काळातून त्यांच्या वडिलांमार्फत आलेली, आणि लीड पडला जुन्या हैदराबादचा. दोघांची भाषा एकच निघाली आणि मीच मध्ये परकी पडले.

"साब," मामा म्हणाले, "देवणी बैल और लाल कंधारी कू एकच हड्डी देते क्या? जात रंगसे नै पैचानते. जात चालसे पैचानते."

मी तीन महिने जे बारा पानांत लिहून पाठवत होते ते एवढंच होतं. लीड हसला, आणि त्या आठवड्यात आम्हाला एकाच्या जागी तीन सांगाडे मंजूर झाले. नऊ जातींना तीन सांगाडे ही काही क्रांती नव्हे, पण बियाण्यांच्या कंपनीत मला सात वर्षांत दुसरं बोंड मिळालं नव्हतं.

मग आमच्या घरी रोज सकाळी बाजार भरायला लागला. मी एकेक जनावर पडद्यावर उभं करायचे. मामा पंचा खांद्यावर टाकून खुर्ची ओढायचे. ब्रॅकिओसॉरस बघून म्हणाले, हे चढाचं जनावर, उताराला याला जपावं लागंल. अपॅटोसॉरसची मान त्यांना फार आवडली. डिप्लोडोकसच्या शेपटीबद्दल त्यांचं मत वाईट होतं, एवढी शेपटी गोठ्यात ठेवायची कुठं म्हणून. पुढच्या पायाची एकुलती नखी त्यांनी पटकन मान्य केली. हत्तीचे पाय पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत खुपत होते. ते बोलायचे, मी दुरुस्त करायचे, आणि त्यांचं बहुतेक बरोबर निघायचं. वजन कुठल्या पायावर कधी येतं हे त्या माणसाला जितकं कळत होतं तितकं आमच्या स्टुडिओत कुणालाच कळत नव्हतं. पसंत पडलं की पंचा डोक्याला. आठ जनावरं झाली तोवर मामा घरातला किराणासुद्धा स्वतः आणायला लागले होते, आणि वाण्याशी भांडून येत होते.

नववा आमच्या भागातला होता, बारापासॉरस. याची हाडं गोदावरीच्याच खोऱ्यात, पार खाली सिरोंच्याकडं सापडली. अंगाची आणि पायांची हाडं पुष्कळ मिळाली, डोकं काही मिळालं नाही, नुसते थोडे दात. डोक्याशिवाय नाव कमावलेले आपल्याकडे इतके आहेत की मला त्याचं विशेष वाटलं नाही. मामांना मात्र गोदावरी एवढाच शब्द ऐकू आला. वडीगोद्रीहून गोदाकाठ लांब नाही, आणि चांगलं जनावर गोदाकाठचं, हे त्यांचं जुनं मत. त्या सकाळी त्यांनी दाढी केली.

मी जनावर उभं केलं, चालवलं, वळवलं. मामांनी दोनदा बघितलं. पंचा जागचा हलेना.

"वशिंड कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, या जनावराला नसतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी कणीक मळताना मीठ विसरले होते. गोदंच्या काठचं जनावर हे, ते म्हणाले. आपल्याकडं बिनवशिंडाचं जनावर म्हंजी जर्शी. हे जर्शी हाये का?

ती चूक फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो, आणि फक्त आमच्याकडचीच सून ती पदरात घेऊ शकते. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मला सगळं माहीत होतं. त्या प्राण्याच्या खांद्याची, पाठीच्या कण्याची हाडं कशी आहेत ते मी वाचलं होतं, त्यावर वशिंड बसायला जागा नाही. पण मामा खुर्चीत ताठ बसले होते, चाळीस वर्षं बाजारात बसायचे तसे, आणि मी बाजारात पारख्यासोबत आलेल्या माणसासारखी गप्प झाले. मग मी स्वतःशी वकिली केली. वशिंडात हाड नसतं, ते मांसाचं आणि चरबीचं, मग ते दगडात सापडणार कसं? म्हणजे नव्हतंच असं कोण म्हणेल? असल्या वकिलीवर हत्तीला शिंगंही लावता येतात. खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटली. आता नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा वांग्याची पिशवी माझ्यापुढं आणून ठेवील, असं मला वाटलं.

मी वशिंड बसवलं. चांगलं भरदार, किंचित मागं कललेलं, देवणी वळूला शोभेल असं. मामांनी पंचा डोक्याला गुंडाळला. लीडला पाठवलं, तर तो म्हणाला आकार फार उठून दिसतोय, आणि पास केलं. त्याच्या वरच्यानं पास केलं, त्याच्याही वरच्यानं केलं. तिथं कुणी पाहतच नव्हतं, आणि इथं पाहणारी मी गप्प होते.

गेमचा नवा हंगाम आला तसं मामांनी वडीगोद्रीला फोन लावले. त्यांच्या पुतण्यानं पडद्यावरचा फोटो मागवून घेतला आणि आठवडाभरात गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. वर एका रांगेत गोल चौकटींत सर्व पक्षांचे पुढारी, मध्ये टोपीतले मामा, त्यांच्या शेजारी वशिंडवाला बारापासॉरस, आणि खाली 'आंतरराष्ट्रीय डायनासोरतज्ज्ञ, वडीगोद्रीचे भूषण यांचे हार्दिक अभिनंदन' आणि शुभेच्छुकांचे एकोणीस फोटो. शुभेच्छुकांत साडूही होते. नजर गेली म्हणणारे चहावाले होते. कुणी सांगितलं, रस्त्यावरून जाणाऱ्या बस त्या फ्लेक्सपाशी हळू होतात. मामांनी त्या फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर लावला आणि जो भेटेल त्याला दाखवू लागले. मी तो प्रत्येक वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहायचे.

जगात हाडांची शिस्त पाळणारे लोक असतात, हे मी या गडबडीत विसरले होते. ते गेम खेळतात तेच मुळी चुका काढायला. वशिंड त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं. लाल बाण, लाल वर्तुळं, खऱ्या हाडांचे फोटो शेजारी लावून व्हिडिओ निघाले. एकानं त्या प्राण्याला उंटाचं खोगीर घातलं. एकानं त्याच्या तोंडी गाईचं हंबरणं घातलं. एक लाल दाढीवाला गोरा बाबा तर वशिंडाकडं बोट दाखवून खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसला, आणि तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला. वडीगोद्रीच्या पुतण्याला इंग्रजी येत नाही. त्याला एवढंच दिसलं की साता समुद्रापलीकडचा माणूस आपल्या जनावराबद्दल बोलतोय. त्यानं तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकला, खाली हारफुलांची चित्रं घालून.

मामा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आले. मी भाकरी थापत होते.

"काय म्हणून राह्यला हा?" त्यांनी विचारलं. "सांग बराबर."

मी म्हटलं, तारीफ करतोय. माझे हात पिठात होते म्हणून मला त्यांच्याकडे बघावं लागलं नाही. मामांनी व्हिडिओ पुन्हा लावला, आवाज बंद करून. नुसता त्या माणसाचा चेहरा पाहिला, शेवटपर्यंत. मग म्हणाले की बाजारात चाळीस वर्षं त्यांनी माणसांची हसणी पाहिलीत, हे हसणं तारीफीचं नाही.

"त्याला वशिंड नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"तुला म्हाईत होतं?"

मी हो म्हटलं. तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी काढली नाही. मामा दारातल्या पाटावर बसले. मग त्यांनी त्या शेवटच्या जोडीची गोष्ट सांगितली, जी मला पूर्ण माहीत नव्हती. बैल वळवला तेव्हा व्यापारी मामांशी बोलत होता, त्यांचं लक्ष क्षणभर दुसरीकडं होतं. सोबत चौघं होते. चौघांनीही लंगडणारा पाय पाहिला. साडूनंसुद्धा पाहिला. कुणी बोललं नाही.

"मला मागून समजलं," मामा म्हणाले. "एकजण म्हणला, तुमच्यापुढं कसं बोलावं. चौघांनी माझा मान राखला आन् माझी नजर घालवली. मंग मला वाटलं, हितं घरात तरी कोणी खरं बोलून राह्यलं. तू खुब्याचं सांगितलं तवा वाटलं."

मला रडू आलं, आणि रडण्याइतकी माझी लायकी नाही असंही वाटलं. त्यांची नजर सांभाळायला म्हणून मी गप्प बसले होते, आणि ती घालवणाऱ्यांच्या रांगेत पाचवी जाऊन उभी राहिले. मामा उठले, कपडे केले आणि अंबडची एसटी धरून वडीगोद्रीला गेले. जेवले नाहीत.

मी लीडला फोन करून कबूल केलं की चूक माझी, आजच्या आज वशिंड काढू. माझी नोकरी जाईल असं धरूनच मी बोलत होते. लीडनं शांतपणे सांगितलं की काढायचं नाही. लोक शिव्या देतात, पण शिव्या द्यायला का होईना गेम उघडतात, आणि ते जनावर सगळ्यात जास्त पाळलं जातंय. वरच्यांनी ठरवलंय की ती चूक नसून दुर्मिळ वाण आहे. आणि आणखी तीन वशिंडं हवीत, एक सोनेरी, एक निळं, एक रात्री चमकणारं. मला सात वर्षांचं ते बोंड आठवलं आणि मी फोनवर खोटं हसले. मी दोनदा लेखी मागणी केली की काढा. दोन्ही वेळा वर केलेला अंगठा आला.

इकडे मामांचं वडीगोद्रीत त्याहून वाईट झालं. त्यांनी फाट्यावर उभं राहून सांगितलं की वशिंड खोटं आहे, मी चुकलो, फ्लेक्स उतरवा. लोक म्हणाले, बघा, एवढं मोठं नाव झालं पण माणूस किती नम्र. फ्लेक्स उतरवायला पुतण्या तयार झाला नाही, कारण वर पुढाऱ्यांचे फोटो होते आणि त्यांना खाली उतरवणं परवडण्यासारखं नव्हतं. साडूंनी तर त्यांना शाल घातली. मामा सांगत राहिले, लोक माना डोलवत राहिले. चार दिवसांनी ते शाल घेऊन परत आले आणि आल्या आल्या ती माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलीवर पांघरली.

ते माझ्याशी बोलत होते, पण जेवढ्यास तेवढं. सकाळचा बाजार बंद पडला. मला पुढच्या हंगामाचं काम आलं होतं, एक टायटॅनोसॉर, रुंद छातीचा. मी तो आठवडाभर एकटीच चालवत होते. मग एका सकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मामा बसले, पंचा खांद्यावर होता. मी जनावर चालवलं, वळवलं, परत चालवलं.

"पाय फाकलेत," ते म्हणाले. "एवढ्या अंतरावर पाय टाकणारं जनावर ओझं वढणार न्हाई. जवळ घे पाय."

आणि मग ते पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले.

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी सासऱ्यांपुढं मोठ्यानं बोलले नव्हते. पण मला माहीत होतं की आता गप्प बसले तर पुन्हा ते विचारणार नाहीत.

"न्हाई मामा," मी म्हटलं, "तुम्ही चुकलात. याचे पाय असेच होते."

"कशावरून?"

मी त्यांना पावलांच्या ठशांचे फोटो दाखवले, दगडात उमटलेले, डाव्या आणि उजव्या ओळींत चांगलं अंतर असलेले. ते म्हणाले, चिखलात घसरत असंल. मी म्हटलं, शेकडो पावलं घसरत जात नाही कुणी. ते म्हणाले, गाभण असंल. मी म्हटलं, ठिकठिकाणची सगळीच कशी गाभण? ते म्हणाले, तुला बैलातलं काय समजतं. मी म्हटलं, हा बैल नाही, हेच तर मला तेव्हा बोलायला हवं होतं. आवाज इतके चढले की पाळी करून झोपलेला माझा नवरा उठून दारात आला, दोघांकडे आळीपाळीनं पाहून गेला आणि परत झोपला. जेवणवेळेपर्यंत आम्ही भांडलो. शेवटी मामा म्हणाले, असंल बाबा, ठसे काही खोटं बोलणार न्हाईत. आणि त्यांनी पंचा डोक्याला गुंडाळला.

जेवताना त्यांनी एक भाकरी जास्त मागितली. ती मोडता मोडता, ताटाकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी बाजारात तू पाह्यजे होतीस माझ्यासोबत."